वीज चंद्रपूरहून नीट येते, घात होतो तो मीटर रूममध्ये

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. वीज बनते कुठे आणि ऐरोलीतल्या फ्लॅटपर्यंत पोचते कशी, शेजारच्या बिल्डिंगमध्ये लाईट असताना आमचीच का जाते, आणि शेवटी ते वाक्य टाकलंय, 'एवढं बिल घेऊन बोर्डाची माणसं करतात तरी काय?' पहिल्या दोनसाठी मी लिहायला बसलो नसतो, त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. तिसऱ्यासाठी लिहितोय. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, एमएसईबीत लाईनमन होते, रिटायर होईपर्यंत ठाणे-कळवा पट्ट्यातच, आणि मी स्वतः टीटीसी औद्योगिक पट्ट्यात एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. २००५ ला बोर्डाच्या कंपन्या झाल्या, निर्मितीची वेगळी, पारेषणाची वेगळी, वितरणाची वेगळी, पण आमच्या घरात अजून बोर्डच म्हणतात, त्यामुळे मीही तसंच लिहिणार.

टर्बाईन, चुंबक, कॉईल हे शाळेत झालंय, ते सोडतो. जे कोणी सांगत नाही ते आधी सांगतो. तुमच्या घरात येणारी वीज कुठे गोदामात भरून ठेवलेली नसते. तुम्ही एसीचं बटण दाबलं की त्याच क्षणी कुठेतरी कुठल्यातरी मशिनवर तेवढा भार पडतो. देशभरची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणजे कोळशावरचं टर्बाईन मिनिटाला ३००० फेरे. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी वाढवली नाही की देशातली सगळी मशिनं एकदम किंचित हळू होतात, फ्रिक्वेन्सी खाली येते. ती ४९.९० ते ५०.०५ च्या मध्ये धरून ठेवायची असते, चोवीस तास, दिवाळीच्या पहाटेसुद्धा. आपल्या राज्यापुरतं हे सांभाळणारं जे राज्य भार प्रेषण केंद्र आहे ते तुमच्या ऐरोलीतच आहे, ठाणे-बेलापूर रोडला. तुम्ही रोज त्याच्यासमोरून जात असाल. आता ठेवा 'करतात काय' हा प्रश्न त्यांच्यापुढे.

बनते कुठे, तर एका जागी नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं, ते कोळशावर सतत चालतं, कारण बॉयलर थंड करून परत तापवायचा म्हणजे तासनतास जातात. कोयना १९६० मेगावॅट, तिचं काम उलटं, पाणी सोडलं की काही मिनिटांत मशीन लाईनवर येतं, म्हणून संध्याकाळी सगळे घरी येऊन दिवे लावतात तेव्हा तिला हाक मारायची. पण तेही मनाला येईल तेवढं नाही, पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे, मे महिन्यात ते जपून वापरावं लागतं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासूनचं, देशातलं पहिलं, पालघर वेगळा होईपर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. शहापूर तालुक्याच्या हद्दीवर घाटघर आहे, २५० मेगावॅट, मागणी कमी असते तेव्हा पायथ्याच्या चोंढ्याचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि गरज लागली की खाली सोडायचं, साठवण म्हणायची तर ही. आणि खोपोली तर १९१५ पासून घाटावरच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्यांना वीज देत होती.

'आमच्याकडे कोयनेची वीज येते' असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. तसं काही नसतं हो. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाईन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड, म्हणजे लाईनचं जाळंही बाकी देशाला जोडली गेली, तेव्हापासून सगळा देश एका ग्रिडवर आहे. सगळे एकाच जागी ओततात आणि सगळे तिथूनच घेतात, कोणाच्या पंख्यात कोयना आणि कोणाच्या पंख्यात चंद्रपूर हे वेगळं काढता येत नाही.

आता एवढ्या लांबून आणायची कशी. हाय टेन्शन टॉवरला लोक घाबरतात, पण टेन्शन हाय असतं म्हणूनच वीज परवडते. १०० मेगावॅट जर घरगुती ४०० व्होल्टवर आणायची म्हटली तर तारेतून एक लाख चव्वेचाळीस हजार अँपिअरच्या आसपास करंट जाईल, आणि तीच ४०० केव्हीवर आणली तर दीडशेसुद्धा नाही. तारेत उष्णता होऊन जी वीज वाया जाते ती करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट हजार पटीने कमी केला की त्याच तारेतली गळती दहा लाख पटीने कमी. म्हणून पॉवर हाऊसच्या यार्डातच ट्रान्सफॉर्मर लावून ४०० केव्ही करतात, आणि चंद्रपूरहून तर एक लाईन डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची आहे, ५०० केव्हीची, ७५२ किलोमीटर, १५०० मेगावॅट क्षमतेची, ती थेट आपल्या भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला उतरते. तिथे परत घरात येते तशी, दिशा बदलत राहणारी एसी वीज होते, ४०० केव्हीने कळव्याला येते, मग २२०, मग १००, मग २२ केव्हीने तुमच्या सेक्टरच्या सबस्टेशनला, आणि डीपीत, म्हणजे तुमच्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, ४३३ व्होल्ट. राज्यात इतर ठिकाणी ३३ आणि ११ जास्त दिसतं, आपल्याकडे २२. एवढं सगळं इतकं घट्ट बांधलेलं आहे की १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा पट्ट्यात एक लाईन आधीच कामासाठी बंद होती आणि बाकीच्या ट्रिप झाल्या, तर सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम गेलं, लोकल जागच्या जागी उभ्या. ते लोकांच्या लक्षात राहिलं. त्याच्या आधीची सगळी वर्षं हेच चालू होतं ते कोणाच्या लक्षात नाही.

आता मूळ मुद्दा. चंद्रपूरपासून तुमच्या डीपीपर्यंत प्रत्येक टप्प्याला बिघाड ओळखणारा रिले आहे, लाईन तोडणारा ब्रेकर आहे, टेस्टिंगचं रजिस्टर आहे, रात्रपाळीला माणूस आहे. आणि डीपीतून केबल बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये आली की तिथून पुढे कोणी नाही. तिथे जुनी सायकल असते, रंगाचे डबे असतात, गणपतीच्या डेकोरेशनचं थर्माकोल असतं. बोर्डाच्या कटआऊटच्या, म्हणजे फ्यूजच्या, पुढचं पॅनल सोसायटीचं असतं, हे दहातल्या नऊ सेक्रेटरींना माहीत नाही आणि सांगितलं तर पटत नाही.

आमची सोसायटी खारेगावला, खाडी जवळ, सात मजली, जुनी. मागे एका मे महिन्यात रात्री साडेनऊ-दहाची वेळ, सगळ्यांचे एसी चालू, मी जेवत होतो आणि पंखा एकदम सुसाट फिरायला लागला, ट्यूब पांढरीफटक झाली, फ्रिजचा आवाज बदलला. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं की आज लाईट चांगली आहे. मी ताटावरून उठून घरातला मेन पाडला आणि तसाच अनवाणी जिन्याने खाली. दुसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं, त्यांचा पंखा मेल्यासारखा फिरत होता आणि वहिनी म्हणत होत्या व्होल्टेज फारच कमी झालंय. एका मजल्यावर जास्त आणि एका मजल्यावर कमी, तिथेच माझी खात्री झाली की न्यूट्रल, म्हणजे सगळ्यांची परतीची सामाईक तार, गेला. तळमजल्याच्या काका-काकूंच्या सेट-टॉप बॉक्समधून धूर येत होता. मीटर रूममध्ये शिरलो तर जळक्या बेकलाईटचा वास आणि पॅनलच्या आत चर्रर्र आवाज. मेन स्विच खाली ओढला, सगळी बिल्डिंग अंधारात. आणि वरून लगेच ओरडा सुरू, लाईट कोणी घालवली.

हे का झालं ते नीट समजून घ्या कारण तुमच्या बिल्डिंगलाही हेच लागू आहे. डीपीतून चार तारा येतात, आर, वाय, बी हे तीन फेज आणि एक न्यूट्रल. कुठलाही फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये ४००. फ्लॅटला एक फेज आणि न्यूट्रल मिळतो, आणि बिल्डिंगमधले फ्लॅट तिन्ही फेजवर वाटून दिलेले असतात. तीन बैल एका खुंट्याला तीन दिशांना बांधलेत असं समजा, खुंटा उपटला की जो दांडगा असेल तो सगळं आपल्याकडे ओढतो. न्यूट्रल तुटला की हेच होतं. ज्या फेजवर लोड जास्त त्या बाजूला न्यूट्रल सरकतो, त्या फ्लॅटना व्होल्टेज कमी मिळतं, आणि ज्यांच्याकडे लोड कमी त्यांच्या डोक्यावर तीनशेच्या वर जातं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने स्टॅबिलायझरच्या डिस्प्लेचा मोबाईलवर व्हिडिओ काढला होता, त्यात ३०८ दिसतंय. दोन फेजवर ३०८ म्हणजे तिसऱ्यावर ११० च्या आसपास, कागदावर हिशोब मांडला की बरोबर बसतं, दुसऱ्या मजल्यावरचा पंखा म्हणूनच मेल्यासारखा फिरत होता.

आणि यातली वाईट गोष्ट बघा. ज्या फेजवर एसी जास्त होते त्यांचं काही जळलं नाही, त्यांना फक्त अंधुक दिसलं. जळलं कोणाचं, तर ज्यांच्याकडे एसी नाही त्यांचं. काका-काकूंच्या घरात एक टीव्ही, एक फ्रिज, दोन पंखे एवढंच होतं, ते पेन्शनवर राहतात, टीव्ही आणि फ्रिज दोन्ही गेले. मला त्या रात्रीचं अजून जर कशाचं वाईट वाटत असेल तर याचं. एमसीबीने काही होत नाही, तो ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी असतो, आरसीसीबी शॉकसाठी असतो, ३०० व्होल्ट आले तर दोघेही गप्प बसतात.

वीज तक्रारीच्या १९१२ नंबरला फोन केला. थोड्या वेळाने बोर्डाचा एक तरुण पोरगा बाईकवरून आला, सोबत हेल्पर. त्याने आधी काय केलं असेल तर कोणालाही पॅनलच्या जवळ येऊ दिलं नाही. मग येणाऱ्या केबलवर प्रोब लावून मीटर सगळ्यांना दाखवला, २३१, २२९, २३३. म्हणजे रस्त्यावरून येणारी वीज सरळ होती. मग पॅनलचं कव्हर काढलं आणि टॉर्च मारला. न्यूट्रल लिंकवर केबलच्या टोकाचा ॲल्युमिनियमचा लग काळा पडून अर्धा वितळलेला, बोल्ट बोटाने फिरत होता, तांब्याच्या पट्टीवर निळसर-काळे डाग आणि कडेने पांढरी भुकटी. तोपर्यंत अण्णा काठी टेकत खाली आले होते, वॉचमनच्या खुर्चीत बसले, मग म्हणाले मला बघू दे. टॉर्च जवळ धरून बघितलं आणि म्हणाले, "हा आजचा नाय. हा कधीचा तापतोय, कोणी हात लावला नाय याला."

बरोबर होतं त्यांचं. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला लावताना दोन्ही धातूंचा बायमेटल लग घालायचा असतो, तो बिल्डरच्या काँट्रॅक्टरने घातलाच नव्हता. दोन वेगळे धातू, खाडीची खारट दमट हवा, रोज संध्याकाळी तापणं आणि पहाटे थंड होणं, त्यात बोल्ट ढिला होत जातो, ढिला झाला की जास्त तापतो, जास्त तापला की अजून ढिला. त्यात केबल साडेतीन कोअरची, म्हणजे न्यूट्रल फेजच्या अर्ध्या जाडीचा. जुन्या काळात चालून जायचं, कारण तिन्ही फेजवर लोड सारखा असला की न्यूट्रलमध्ये फारसा करंट उरत नाही. आता घरोघरी एलईडी, इन्व्हर्टर एसी, चार्जर, यांच्यातून जे थर्ड हार्मोनिक, म्हणजे ५० च्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा करंट, येतं ते तिन्ही फेजचं न्यूट्रलमध्ये वजा न होता बेरीज होतं. अर्ध्या जाडीच्या तारेवर आपण उलट जास्त वजन टाकलंय.

आणि आमचे सेक्रेटरी त्या पोराला काय म्हणाले असतील? जास्त व्होल्टेज सोडलं तुम्ही, आता नुकसानभरपाई द्या, फुकटचा पगार खाता. त्याने परत मीटर दाखवला. ते म्हणाले मीटर तुमचाच, तुम्ही दाखवाल तेच दिसणार. मग माझ्याकडे वळून, "तुमच्या वडिलांचं डिपार्टमेंट आहे म्हणून तुम्ही त्यांची बाजू घेणारच." अण्णा तिथेच बसलेले. ते काही बोलले नाहीत, मी बोललो, आणि जे बोललो त्यातला एक शब्द मी आजही मागे घेत नाही. कारण आदल्या सप्टेंबरच्या एजीएममध्ये मीच विषय मांडला होता की पॅनल उघडून साफ करून घ्या, लग बदला, न्यूट्रल पूर्ण जाडीचा टाका, लायसन असलेल्या काँट्रॅक्टरचं कोटेशनसुद्धा दिलं होतं. तेव्हा फंड नाही असं उत्तर मिळालं आणि त्याच मीटिंगमध्ये लॉबीच्या टाईल्स आणि गेटवरच्या नवीन लाईट मंजूर झाल्या.

फुकटचा पगार म्हणे. २६ जुलै २००५ ला अण्णा कळव्यात गुडघाभर पाण्यात फीडर पिलर, म्हणजे रस्त्यावरच्या विजेच्या पेट्या, बंद करत फिरत होते आणि लोक खिडक्यांतून शिव्या घालत होते की लाईट का घालवता. पाण्यात करंट उतरला असता तर त्याच गल्लीत माणसं मेली असती. घरी आले तेव्हा पायांची कातडी पांढरी पडून सुटत होती, आईने खोबरेल लावलं आणि पहाटे परत गेले. पोलवर चढायच्या आधी शटडाऊन घ्यायचा, परमिट हातात आल्याशिवाय शिडी लावायची नाही, टेस्टरने बघायचं, डिस्चार्ज रॉड टाकून लाईन अर्थ करायची, आणि एवढं सगळं करूनसुद्धा कोणाच्या तरी दुकानातला जनरेटर चेंजओव्हरशिवाय, म्हणजे बोर्डाची लाईन वेगळी करणाऱ्या स्विचशिवाय, लावलेला असला की उलटा करंट लाईनवर येतो आणि माणूस वर चिकटतो. अण्णांच्या बरोबरचा एक माणूस असाच गेला. बोर्डाची माणसं हे करतात.

आता तुमच्या बिल्डिंगचं. ऐरोलीत बहुतेक सगळं जमिनीखालून आहे, त्यामुळे झाड पडून तार तुटायचा त्रास कमी, पण केबल फॉल्ट झाला की तो डोळ्याला दिसत नाही, मशीन लावून जागा शोधा, रस्ता खोदा, जॉईंट मारा, यात रात्र जाते. पहिल्या पावसात जुन्या जॉईंटमध्ये पाणी शिरतं म्हणून जूनमध्ये हे जास्त होतं. शेजारी लाईट आणि तुमच्याकडे नाही याचा सरळ अर्थ तुमची डीपी किंवा फीडर, म्हणजे सबस्टेशनहून येणारी लाईन, वेगळा आहे, किंवा तुमच्याच डीपीतला एक फेजचा फ्यूज गेलाय. बिल्डिंगमधल्या ठराविक फ्लॅटचीच जात असेल तर एक फेज. नक्की कुठलं ते तुमच्याकडच्या लाईनमनला विचारा, तो दोन मिनिटांत सांगेल, फक्त नीट विचारा.

आणि काही फ्लॅटमध्ये जास्त प्रकाश, काही फ्लॅटमध्ये मंद असं दिसलं तर वाट बघू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत बसू नका, आधी घरातला मेन पाडा आणि मग शेजाऱ्यांची दारं वाजवा. घरातल्या डीबीत, म्हणजे एमसीबीच्या पेटीत, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, एका टीव्हीच्या किमतीपुढे तो काहीच नाही. पॅनल स्वतः उघडायचं नाही, यूट्यूब बघून तर मुळीच नाही, लायसनवाला माणूस आणा, दरवर्षी एप्रिलच्या आत सगळे बोल्ट टाईट करून घ्या, कुठे तापतंय ते थर्मल कॅमेऱ्याने बघून घ्या आणि त्याचा रिपोर्ट फाईलला लावा. हेही खरं की न्यूट्रल बोर्डाच्या बाजूनेही तुटतो, पोलवर किंवा डीपीत, तेव्हा एक बिल्डिंग न राहता आजूबाजूच्या सगळ्यांना हाच त्रास होतो आणि ती जबाबदारी पूर्ण त्यांची, तेव्हा भांडा, मीही तुमच्या बाजूने भांडेन. फोन न उचलणारे, रात्री दोनला येतो म्हणून न येणारेही आहेत, ते मी झाकत नाही. पण आधी आपल्या मीटर रूममधली सायकल बाहेर काढा आणि मग दुसऱ्याला विचारा काय करता म्हणून.

आमचं पॅनल शेवटी बदललं. चार कोअरची पूर्ण न्यूट्रलची केबल, बायमेटल लग, नवीन अर्थिंग. काका-काकूंच्या फ्रिजसाठी आम्ही काही जणांनी वर्गणी काढली, सोसायटीने एक रुपया दिला नाही. मिनिट्स बुकात मात्र सेक्रेटरींनी लिहून ठेवलंय, 'वीज कंपनीने सोडलेल्या अतिरिक्त व्होल्टेजमुळे झालेल्या नुकसानीनंतर पॅनल बदलण्यात आले.' अण्णांनी ते वाचलंय. मी जळलेला लग पिशवीत ठेवलाय, व्हिडिओ आहे, त्या रात्रीचं रीडिंग तारखेनिशी आहे, आणि दुरुस्तीचा लेखी अर्ज दिलाय. सप्टेंबरच्या एजीएमला तो विषय पत्रिकेवर आहे आणि ते वाक्य मी बदलून घेणार आहे.